फांदी कुणी तोडली?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला पंचवीस मिनिटे दिली आहेत. निवेदकांनी मघाशी माझी ओळख 'कॅनडास्थित' अशी करून दिली. तीस वर्षे टोरोंटोजवळ राहतो, विमा व्यवसायात आकडेमोडीचे काम केले, आता निवृत्त आहे. एवढे पुरे. विषय काय, असे संघाने विचारले तेव्हा मी 'हॉकीचे प्रशिक्षक' असे कळवले. त्यावर एका मित्राचा फोन आला, "अरे, शाळेत तुला कुणी अकरात घेतलं नाही, आणि आता तू प्रशिक्षकांवर बोलणार?" (हशा) त्याचे बरोबर आहे. मी बारावा होतो. बाराव्याला खेळ बसून बघावा लागतो, म्हणून तो जरा जास्त दिसतो.

आपल्याला हॉकी म्हटले की ध्यानचंद आठवतात आणि शाळेमागचे लाल मातीचे मैदान. मी सांगणार आहे ती हॉकी बर्फावरची. दोन्ही बाजूंना गोलरक्षक धरून सहा-सहा जण, पायात धारदार पट्ट्यांचे बूट, आणि चेंडूऐवजी 'पक' म्हणजे कडक रबराची चकती. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. कॅनडात हा खेळ म्हणजे आपल्याकडचे क्रिकेट. टोरोंटोचा संघ मेपल लीफ्स. या संघाने शेवटचा स्टॅनली कप जिंकला १९६७ साली. तरीही दर सप्टेंबरला अख्खे शहर म्हणते, यंदा नक्की! पंढरीच्या वारकऱ्यानंतर एवढी श्रद्धा मी फक्त लीफ्सच्या चाहत्यांत पाहिली. मीही त्यातलाच एक झालो, तो शेजाऱ्यामुळे. बर्फ उपसायला त्याचे फावडे मागितले की सामना बघायला बसावेच लागे.

आता मुद्द्यावर येतो. संघ हरायला लागला की पहिला बळी प्रशिक्षकाचा. वीस-बावीस खेळाडू बदलता येत नाहीत, एक माणूस बदलता येतो. आणि गंमत अशी की, माणूस बदलला की पुष्कळदा संघ जिंकायलाही लागतो. मग मालक म्हणतात, बघा, निर्णय बरोबर होता. आपल्याकडे याला जुनी म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. प्रश्न एवढाच की फांदी कावळ्याने तोडली की ती तुटणारच होती?

हे शोधायचे कसे? त्यासाठी एक प्रयोग करू. ही कापडी पिशवी. हिच्यात अकरा गोट्या आहेत, दहा पांढऱ्या आणि एक लाल. लाल म्हणजे गोल. अकराच का? त्या लीगमध्ये साधारण शंभर फटके थेट गोलावर गेले की नऊच्या आसपास गोल होतात, म्हणजे अकरात एक. आणि एक संघ एका सामन्यात गोलावर साधारण तीस फटके मारतो. आता दोघे जण वर या. आपल्या बॅचचा बँकवाला ये आणि डॉक्टरीणबाई, तुम्ही या. प्रत्येकाने तीस वेळा गोटी काढायची, दाखवायची आणि परत आत टाकायची. पिशवीत बघायचे नाही.

(इथे प्रयोग झाला. डॉक्टरीणबाईंना पाच लाल गोट्या आल्या, बँकेतल्या मित्राला एक.)

पाच विरुद्ध एक! टाळ्या वाजवा. आता मला सांगा, डॉक्टरीणबाईंचा प्रशिक्षक किती थोर म्हणायचा? आणि बँकवाल्याच्या प्रशिक्षकाला उद्या सकाळी घरी बसवायचे का? (हशा) पिशवी तीच होती, फटके तेवढेच होते. आज रात्री टीव्हीवर मात्र एकाच्या 'जिद्दीवर' आणि दुसऱ्याच्या 'मरगळीवर' तासभर चर्चा झाली असती.

तुम्ही म्हणाल, एका सामन्याचे ठीक आहे, दहा सामन्यांत हिशोब जुळेल. पुरता जुळत नाही. दहा सामने म्हणजे तीनशे फटके, अपेक्षित गोल सत्तावीस. पण नुसत्या नशिबाने बावीस किंवा बत्तीस होणे अगदी सामान्य आहे. दोन संघांत दहा गोलांचा फरक, आणि कौशल्यात काडीचाही फरक नाही! दहा सामन्यांनंतर नोकऱ्या जातात, म्हणून हे सांगतो.

म्हणून आकडेमोड करणाऱ्या लोकांनी दोन मापे वेगळी केली. पहिल्याला 'कॉर्सी' म्हणतात. जिम कॉर्सी हे बफेलो संघात गोलरक्षकांचे प्रशिक्षक होते, त्यांच्यावरून ते नाव पडले. यात गोल मोजायचेच नाहीत. दोन्ही बाजूंनी गोलाच्या दिशेने किती फटके मारले ते मोजायचे. आत गेलेले, अडवलेले, बाहेर गेलेले, सगळे. त्यात आपला वाटा निम्म्याहून जास्त असेल तर खेळ बहुतेक वेळ समोरच्याच्या अंगणात चालला आहे. दुसरे माप 'पीडीओ'. आपल्या फटक्यांपैकी शेकडा किती गोल झाले, अधिक आपल्या गोलरक्षकाने शेकडा किती अडवले. सगळ्या लीगची सरासरी बरोबर शंभर येते, कारण एकाचा गोल हा दुसऱ्याच्या गोलरक्षकाचा चुकलेला फटकाच असतो. एखाद्या संघाचे हे माप एकशे दोनच्या वर किंवा अठ्ठ्याण्णवच्या खाली गेले, तर बहुतेक वेळा ते तिथे टिकत नाही, शंभराकडे परत येते.

आता आमच्या लीफ्सची कथा ऐका. २०१२च्या मार्चमध्ये रँडी कार्लाइल प्रशिक्षक झाले. माणूस लहान नव्हे, २००७ मध्ये त्यांच्या हाताखाली अ‍ॅनाहाइमने स्टॅनली कप जिंकला होता. पुढचा हंगाम टाळेबंदीमुळे अठ्ठेचाळीस सामन्यांचाच झाला आणि लीफ्स २००४ नंतर पहिल्यांदा बाद फेरीत गेले. शहर नाचले. पण फटके मोजणारे कुरकुरत होते की, हा संघ समोरच्यापेक्षा कमी फटके मारतो, जास्त झेलतो, फक्त मारलेले फार आत जात आहेत. शेजारी म्हणाला, "या लोकांना आनंद बघवत नाही." मीही मान डोलावली. माझा धंदा काय आणि मी मान कशाला डोलावतो! पण चाहता झालो की आकडे कळेनासे होतात.

पुढच्या हंगामात, २०१३-१४ मध्ये, लीफ्स सामन्यागणिक सरासरी छत्तीसच्या आसपास फटके झेलत होते, लीगमध्ये सर्वात जास्त. तरी मार्चच्या मध्यापर्यंत छत्तीस विजय झाले. मग शेवटच्या चौदा सामन्यांपैकी बारा हरले आणि बाद फेरी हुकली. पिशवीतून लाल गोट्या यायच्या थांबल्या, एवढेच झाले होते. तरी मे महिन्यात कार्लाइल यांचा करार वाढवला गेला आणि पुढच्या जानेवारीत, ६ जानेवारी २०१५ रोजी, त्यांना काढले. तेव्हा संघाचे एकवीस विजय आणि सोळा पराभव होते, तीन सामने जादा वेळेत गेलेले.

हंगामी म्हणून आले पीटर होराचेक. त्यांनी पहिली गोष्ट केली ती झेललेल्या फटक्यांची संख्या खाली आणली. म्हणजे टीकाकार जे मागत होते नेमके तेच. आणि निकाल? बेचाळीस सामन्यांत नऊ विजय! गोलच होईनात. सलग अकरा सामने विजयाविना गेले. मग चांगले खेळाडू विकले गेले, उरलेल्यांचे मन उडाले. एप्रिलमध्ये होराचेक घरी गेले. आज टोरोंटोत त्यांचे नाव निघाले तर लोक तो नऊचा आकडा सांगतात. सुरुवातीच्या आठवड्यांत त्यांच्या हातात जे होते ते त्यांनी सुधारले होते, हे कुणी सांगत नाही.

हे एकट्या टोरोंटोचे नाही. त्या लीगमध्ये 'जॅक अ‍ॅडम्स' नावाचा पुरस्कार आहे, वर्षातल्या सर्वोत्तम प्रशिक्षकाला. सामन्यांचे समालोचन करणारे लोक मतदान करून तो देतात. २०१३ साली तो ऑटवाच्या पॉल मॅक्लीन यांना मिळाला. २०१४ मध्ये कोलोरॅडोच्या पॅट्रिक रॉय यांना, २०१५ मध्ये कॅलगरीच्या बॉब हार्टली यांना. मॅक्लीन यांना डिसेंबर २०१४ मध्ये काढले. हार्टली यांना मे २०१६ मध्ये काढले. रॉय यांनी ऑगस्ट २०१६ मध्ये स्वतः राजीनामा दिला. रॉय आणि हार्टली यांचे संघ पुरस्काराच्या वर्षी समोरच्यापेक्षा कमी फटके मारणारे होते, आणि दोन्ही संघ पुढच्याच वर्षी बाद फेरीबाहेर राहिले. ही माणसे एका वर्षात शहाणी आणि दुसऱ्या वर्षात मूर्ख झाली का? मला वाटते, पुरस्कार देताना थोडे नशीब त्यांच्या खात्यावर जमा झाले होते, ते पुढच्या वर्षी वजा झाले.

पण थांबा. इथे टाळ्या वाजवून मी खाली बसलो तर ते अर्धसत्य होईल. 'सगळे नशीब' म्हणणाऱ्यासाठीही आपल्याकडे म्हण आहे, नाचता येईना अंगण वाकडे. फटक्यांचा आकडाही लबाडी करतो. मागे पडलेला संघ जीव तोडून फटके मारतो, पुढे असलेला सावधपणे मागे राहतो. त्यामुळे हरणाऱ्याचा आकडा उगाच फुगतो. लांबून मारलेला फटका आणि गोलासमोरून मारलेला फटका सारखे नसतात. आणि चांगला गोलरक्षक ही नशिबाची गोष्ट नव्हे.

सेंट लुईसचे उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांनी माइक यो यांना काढून क्रेग बेरुबी यांना आणले. तरीही ३ जानेवारी २०१९च्या सकाळी संघ लीगमध्ये शेवटचा होता. चार दिवसांनी जॉर्डन बिनिंग्टन या तरुण गोलरक्षकाला पहिल्यांदा सुरुवातीपासून उभे केले. जूनमध्ये त्याच संघाने स्टॅनली कप जिंकला! श्रेय कुणाचे? बेरुबींच्या शिस्तीचे, बिनिंग्टनच्या हातांचे, की पिशवीतल्या गोट्यांचे? तिघांचेही आहे. कुणाचे किती, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस भेटला तर त्याच्याकडून विमा घेऊ नका. (हशा)

माझ्या धंद्यात मी एवढेच शिकलो. कुणाला दोष किंवा श्रेय देण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, या माणसाच्या हातात नेमके काय होते? दुसरी, आपण बघतो आहोत तो काळ पुरेसा मोठा आहे का? आणि तिसरी, त्याच्या जागी दुसरा कुणी असता, तरी नुसत्या योगायोगाने असेच झाले असते का?

आता मला आपल्या मैदानावर परत यायचे आहे. १९७७ साल. मी आठवीत, बारावा खेळाडू. आमच्या हॉकीच्या सरांचे नाव मी घेत नाही. ज्यांना आठवायचे त्यांना आठवलेच असेल. सरांनी मला बाकावर नुसते बसू दिले नाही. शंभर पानी वही दिली आणि म्हणाले, "गोल सगळेच मोजतात. तू आपण 'डी'त किती वेळा शिरलो आणि ते किती वेळा शिरले ते लिही." मी उभ्या रेघा मारायचो, पाचवी आडवी. आमच्या रेघा जवळजवळ प्रत्येक सामन्यात जास्त असत. पण त्या मोसमात आंतरशालेय स्पर्धेचे आम्ही तीन सामने हरलो, तिन्ही एका गोलाने. एकदा चेंडू खांबाला लागून परत आला, तो आवाज मला आजही ऐकू येतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सरांकडून संघ काढून घेतला. त्यांच्याकडे ग्रंथालयाचे कपाट आणि प्रार्थनेच्या रांगा एवढेच राहिले. पुढच्या मोसमात तीच मुले नव्या सरांच्या हाताखाली उपांत्य फेरीत गेली. बातमी फलकावर लागली आणि सगळे म्हणाले, बघा, बदल केला म्हणून झाले. नव्या सरांचा दोष नाही, तेही भले होते. निर्णय घेणाऱ्यांचाही मी आज राग धरत नाही. त्यांनी तेच पाहिले जे सगळे पाहतात.

राग माझा माझ्यावर आहे. संघ काढून घेण्याआधी आम्हा मुलांना एका खोलीत बोलावून विचारले होते, सर नीट शिकवतात का? मोठी मुले गप्प राहिली. मीही गप्प राहिलो. वही माझ्या दप्तरात होती. खोलीबाहेर आल्यावर सर व्हरांड्यात उभे होते. त्यांनी एवढेच विचारले, "वही नीट ठेवली आहेस ना?" मी हो म्हणालो.

ती वही मी नीट ठेवली नाही. घर बदलताना कधीतरी रद्दीत गेली. सर २०११ साली गेले; मला ते तीन महिन्यांनी एका पत्रातून कळले. मघाशी मी सांगितले की मागे पडलेला संघ जास्त हल्ले करतो, म्हणून त्याच्या रेघा फुगतात. आमच्याही फुगल्या असतील. वही हातात असती तर सर बरोबर होते की चूक, हे आज मला तपासता आले असते. पण ते चूक असते तरी त्या खोलीत ती वही टेबलावर यायला हवी होती. चौदा वर्षांच्या मुलाने काय करावे, असे तुम्ही मला समजावाल. मी स्वतःला तेच समजावत आलो आहे.

हे सगळे आज सांगायचे कारण आहे. संघाच्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटच्या पानावर एक ठराव आहे. आपल्या निधीतून दरवर्षी 'उत्कृष्ट शिक्षक' पुरस्कार द्यायचा, आणि तो दहावीला ज्यांच्या विषयाचा निकाल सर्वाधिक लागेल त्यांना. हेतू उत्तम आहे. निधीत माझाही वाटा आहे, आणि तो मी काढून घेणार नाही. पण मतदानाआधी एक हिशोब ऐका.

वर्गात चाळीस मुले आहेत. शिक्षक इतके चांगले की प्रत्येक मुलाची पास होण्याची शक्यता शंभरात सत्त्याण्णव. तरी शंभर टक्के निकाल किती वर्षी लागेल? दहा वर्षांत साधारण तीनदा. उरलेल्या सात वर्षी कुणाला तरी परीक्षेच्या दिवशी ताप येतो, कुणाच्या घरी काहीतरी घडते. शिक्षक तेच, शिकवणे तेच. तीन वर्षी त्यांचा सत्कार आणि सात वर्षी त्यांना कुणी विचारणार नाही. आणि ज्या बाई मुद्दाम कच्च्या मुलांची तुकडी मागून घेतात, पस्तीसच्या खालच्या मुलाला पन्नासवर आणतात, त्यांचा नंबर कधीच लागणार नाही. उलट चार वर्षांनी ती तुकडी कुणी मागणार नाही, कारण तिच्यात पुरस्कार नाही.

माझी सूचना साधी आहे. पुरस्कार द्याच, पण तीन वर्षांचे मिळून बघा. मूल नववीत आले तेव्हा कुठे होते आणि दहावीत कुठे पोचले, ते बघा. आणि काही गोष्टी शिक्षकांच्या पूर्ण हातात असतात. वह्या तपासणे, जादा तास, गैरहजर मुलाच्या घरी चक्कर. त्यांची नोंद ठेवायला एक वही करा. ती वही भरायचे काम वर्गातल्या बाराव्या खेळाडूला द्या. त्याला वेळ असतो आणि तो नीट बघतो. फक्त एक करा. ज्या दिवशी कुणाचे मोजमाप ठरणार असेल, त्या दिवशी त्याला ती वही घेऊन आत बोलवा, आणि ती उघडून दाखवायला सांगा.

डॉक्टरीणबाई, पिशवी परत द्या, ती नातवाची आहे. जेवणाची वेळ झाली आहे आणि आत आळूची भाजी आहे असे कळते.